अणुभट्टीचा अपघात आणि डोसचा अंदाज: सॉफ्टवेअरच्या नकाशावर किती भिस्त ठेवावी?

अर्धायुष्य (धागाकर्ता)

जपानमधल्या फुकुशिमाच्या २०११ सालच्या अणुअपघातावरच्या चर्चेत कुणीतरी विचारलं होतं, "किरणोत्सर्ग कुठवर पोचणार हे कॉम्प्युटरला आधीच कळत नाही का?" तिथे उत्तर दिलं असतं तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढला.

अशी सॉफ्टवेअर आहेत, आणि बऱ्याच वर्षांपासून आहेत. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचं, म्हणजे एनआरसीचं, रास्कल आहे. युरोपात जेरोडोस आहे. चेर्नोबिलनंतर युरोपीय निधीतून रोडोस प्रकल्प सुरू झाला, त्याची ही पुढची आवृत्ती. जर्मनीत कार्ल्सरूहेला तिचं काम चालतं. डेन्मार्कचं आर्गोस आहे. जपानचं स्पीडी होतं, त्याच्यावरून खाली वाद होणार हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

मला जास्त माहिती रास्कलची आहे, म्हणून त्याबद्दल. अपघाताच्या पहिल्या काही तासांत कुणाच्याच हातात धड माहिती नसते. तेव्हा अमुक अंतरावरच्या माणसाला किती डोस, म्हणजे शरीराला किती किरणोत्सर्ग, बसू शकेल, याचा झटपट अंदाज काढणं एवढंच त्याचं काम. साध्या विंडोजवर चालतं, उत्तर मिनिटांत येतं. स्क्रीनवर पायऱ्या ओळीने मांडलेल्या असतात: घटनेचा प्रकार, ठिकाण, सोर्स टर्म, बाहेर पडायचा मार्ग, हवामान, आणि शेवटी 'डोस काढा'.

सगळी गोम सोर्स टर्ममध्ये आहे. कुठली किरणोत्सारी द्रव्यं, किती, केव्हापासून आणि किती वेळ बाहेर पडली, हा तो हिशोब. भट्टी बंद पडली त्या क्षणी गाभ्यात, म्हणजे इंधन असतं त्या भागात, काय काय होतं, हे तिच्या औष्णिक क्षमतेवरून आणि इंधन किती वापरलं गेलं त्यावरून बऱ्यापैकी नेमकं काढता येतं. त्यातलं सुटलं किती, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. तिथे सॉफ्टवेअर एक साधा प्रश्न विचारतं: गाभा पाण्याबाहेर उघडा कधी पडला, आणि परत पाण्याखाली कधी गेला? त्या वेळांवरून ते ठरलेल्या क्रमाने माल सोडत जातं. आधी इंधन नळ्यांच्या आवरणात साठलेले वायू, मग तापून वितळणाऱ्या इंधनातलं बाकीचं. झेनॉन, क्रिप्टॉन जवळजवळ सगळे निसटतात, आयोडिन आणि सिझियम बऱ्यापैकी, स्ट्रॉन्शियमसारखे सहज वाफ न होणारे गडी कमी.

मग वाटेतली वजावट. कंटेनमेंटमधले, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंदिस्त कवचातले, पाण्याचे फवारे चालू होते का? वाफ पाण्याच्या टाकीतून बुडबुडत गेली का? फिल्टर शाबूत होते का? आणि शेवटी खुद्द कंटेनमेंट: ते ठरीव दराने थोडंथोडं झिरपतंय की फाटलंय? या एका उत्तरावर डोस हजार पटींनी इकडचा तिकडे होऊ शकतो. हे उत्तर भरणारा माणूस बहुधा कुठल्यातरी फोनवर मिळालेल्या माहितीवर विसंबून असतो.

पुढचा भाग त्या मानाने सरळ आहे. प्रकल्पाजवळच्या अंतरांसाठी वाऱ्याच्या दिशेने सरळ जाणारा गाउसियन लोट (मध्यरेषेवर दाट, कडांकडे विरळ), त्यापुढे वाऱ्याबरोबर वळणारे सुटे पुंजके, म्हणजे 'पफ'. डोस तीन वाटांनी मोजतात: डोक्यावरून जाणाऱ्या ढगातून, श्वासातून, आणि जमिनीवर बसलेल्या द्रव्यातून. शरीराचा एकूण आणि थायरॉईडचा वेगळा. अमेरिकी मार्गदर्शकांत पहिल्या चार दिवसांचा संभाव्य डोस १० ते ५० मिलिसीव्हर्टच्या (हे डोस मोजायचं एकक) घरात जात असेल, तर लोकांना हलवायचं किंवा घरात थांबवायचं असा संकेत आहे. तुलनेला, निसर्गातून माणसाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात.

यात मला स्वतःला खटकणारी गोष्ट एकच. उत्तर दशांशासकट छापून येतं, रंगीत नकाशासकट. पाहणाऱ्याला वाटतं, हे मोजलेलं आहे.

---

शंकासुर

म्हणजे कचरा आत, कचरा बाहेर. मग हा खटाटोप कशासाठी? वाऱ्याच्या दिशेला बोट दाखवून "तिकडची माणसं हलवा" म्हणायला सॉफ्टवेअर लागत नाही.

---

पवनवेग

शंकासुर, वाऱ्याकडे बोट दाखवणं तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही. हवामानाची बाजू मी थोडी मांडतो, कारण धाग्यात ती "त्या मानाने सरळ" म्हणून उडवून लावली आहे. :)

समजा जमिनीलगत १ टेराबेक्वेरेल आयोडिन-१३१ सुटलं. (बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय; टेरा म्हणजे लाख कोटी.) लोटाच्या बरोबर मध्यरेषेवर, १ किलोमीटरवर एक प्रौढ माणूस पूर्ण वेळ उघड्यावर उभा आहे. ढगाळ दुपार, सेकंदाला ५ मीटर वारा असेल, तर श्वासातून त्याच्या थायरॉईडला साधारण एक-दीड मिलिसीव्हर्ट. तोच माल निरभ्र रात्री, २ मीटरच्या मंद वाऱ्यात सुटला, तर साधारण १६. सुटलेलं द्रव्य तेच, माणूस तोच, फरक दहा-बारा पटींचा. रात्री जमीन गार होते, हवेचा थर खाली दबून राहतो, ढवळाढवळ होत नाही, आणि लोट दोरीसारखा बारीक नि दाट राहतो. (हा हातानेच केलेला हिशोब आहे, पास्क्विलच्या स्थिरता-वर्गांवरून, म्हणजे हवा किती ढवळली जाते याच्या ठरीव प्रतवारीवरून. रास्कल आतून वेगळं काही जादूचं करत नाही.)

आता यात पाऊस घाला. पाऊस पडला की हवेतलं सिझियम खाली धुऊन येतं आणि जमिनीवर ठिगळं पडतात. वीस किलोमीटरवरचं गाव स्वच्छ आणि चाळीसवरचं माखलेलं, असं होऊ शकतं. वर्तुळं आखून हलवणाऱ्यांना हे दिसत नाही, मॉडेलला निदान दिसण्याची शक्यता असते.

---

कोड_कारकून

वाचतोय. एक प्रश्न: डोसचे घटक, म्हणजे एका बेक्वेरेलमागे किती सीव्हर्ट, ते कुठून येतात? ते कोडमध्येच रुतवलेले आहेत का?

---

अर्धायुष्य

@कोड_कारकून, आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या तक्त्यांतून येतात. रास्कलमध्ये जुना संच घ्यायचा की नवा, ही निवड वापरणाऱ्याकडे आहे. दोघांनी वेगळे संच निवडले तर त्याच अपघाताचे दोन आकडे येतात आणि बैठकीत पहिला अर्धा तास "तुमचं चूक की आमचं" यात जातो.

@पवनवेग, मान्य, "सरळ" शब्द मागे घेतो.

---

बिनतारी

शंकासुरांच्या मुद्द्याला धरून एक जुनी गोष्ट. अमेरिकेतला थ्री माइल आयलंड अणुप्रकल्प, मार्च १९७९. अपघात २८ तारखेचा. ३० तारखेला सकाळी वायू बाहेर सोडताना हेलिकॉप्टरने चिमणीच्या वर मोजमाप घेतलं: ताशी १,२०० मिलिरेम (जुनं एकक; म्हणजे १२ मिलिसीव्हर्ट). तिकडे एनआरसीच्या मुख्यालयात अधिकाऱ्यांनी कागदावर अंदाज काढला होता की प्रकल्पाबाहेर जमिनीवर ताशी १,२०० मिलिरेम असू शकेल. दोन्ही आकडे निव्वळ योगायोगाने सारखे. एक चिमणीच्या तोंडावरचा, दुसरा जमिनीवरचा. पण मोजलेला आकडा कानावर पडताच "बघा, आपला अंदाज खरा ठरला" असं झालं आणि लोकांना हलवायची शिफारस गेली. ती नंतर मागे घेतली. मग गव्हर्नरांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायका आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना बाहेर जाण्याचा सल्ला दिला, आणि प्रत्यक्षात लाखाहून जास्त लोक निघून गेले. दहा मैलांच्या आतल्या लोकांना मिळालेला सरासरी डोस नंतर निघाला सुमारे ०.०८ मिलिसीव्हर्ट.

त्या अंदाजामागे रास्कल नव्हतं, कागद-पेन्सिल होतं. त्यामुळे "सॉफ्टवेअर नको, माणसाची अक्कल पुरे" म्हणणाऱ्यांनी हाही दाखला लक्षात ठेवावा.

---

शंकासुर

दाखला झकास आहे. पण तो माझ्याच बाजूचा आहे. आकडा हातात आला की माणूस त्याला चिकटतो, मग तो कागदावरचा असो की पडद्यावरचा.

आणि स्पीडीचं काय? जपानने एवढा पैसा ओतून ते उभारलं. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीने फुकुशिमाचा अपघात झाला, त्यानंतर लोकांना त्याचा नकाशा पहिल्यांदा दाखवला २३ मार्चला. तोवर नामिए गावचे हजारो लोक वायव्येकडच्या त्सुशिमा भागात आसऱ्याला जाऊन बसले होते, आणि १५ तारखेला लोट नेमका तिकडेच गेला. नकाशा तयार होता. सांगितला नाही. बास.

---

मृद्गंधा

+१. हे वाचून आजही संताप होतो. अमेरिकी सैन्याला स्पीडीचे निष्कर्ष १४ तारखेलाच मिळाले होते आणि गावच्या महापौरांना नाही.

---

अर्धायुष्य

संताप रास्तच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण "नकाशा तयार होता" या वाक्यात बरंच काही झाकलं जातं.

स्पीडीला सोर्स टर्म मिळायचा तो भट्टीच्या यंत्रणेकडून येणाऱ्या दुसऱ्या एका प्रणालीतून. भूकंप आणि त्सुनामीनंतर वीजच गेल्याने ती माहिती येणं थांबलं. मग चालवणाऱ्यांनी काय केलं, तर ताशी १ बेक्वेरेल सुटतंय असं धरून गणित चालवलं. म्हणजे लोट कुठल्या दिशेला जाईल हे दिसतं, किती असेल ते अजिबात दिसत नाही. ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांनी "खरे आकडे नाहीत, मग हे कसं जाहीर करायचं" म्हणून ते बाजूला ठेवलं. २३ तारखेला जो नकाशा बाहेर आला, तो बाहेर मोजलेल्या आकड्यांवरून उलट गणित करून, सोर्स टर्म मागून काढून बनवलेला होता.

माझं मत असं की १ बेक्वेरेलवालेही नकाशे तेव्हाच दाखवायला हवे होते, "ही फक्त दिशा आहे, प्रमाण माहीत नाही" असं ठळक लिहून. दिशा हीदेखील माहिती आहे. त्सुशिमाच्या लोकांना तेवढीच पुरली असती.

---

पवनवेग

पुरली असती का? त्या दिवसाचा वारा बघा. १५ मार्चला सकाळी लोट दक्षिणेकडे, टोकियोच्या बाजूला चालला होता. दुपारपासून वारा फिरत फिरत वायव्येला वळला आणि संध्याकाळी तिथे पाऊस नि बर्फ पडला. तिकडच्या इताते गावची जमीन माखली ती त्यामुळे. सकाळचा नकाशा पाहून उत्तरेकडे निघालेला माणूस संध्याकाळी चुकीच्या जागी असता. आणि कुठल्या तासाला किती माल सुटला याचा क्रम तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. वारा बरोबर असून वेळ चुकली तर नकाशा धादांत खोटा ठरतो.

म्हणूनच जपानच्या नव्या नियामक प्राधिकरणाने २०१४ मध्ये ठरवलं की लोकांना हलवण्याच्या निर्णयासाठी स्पीडी वापरायचं नाही. आता पद्धत अशी: प्रकल्पातली परिस्थिती एका पातळीपलीकडे बिघडली की ५ किलोमीटरच्या आतल्यांनी आधीच निघायचं, गणिताची वाट बघायची नाही. ५ ते ३० किलोमीटरवाल्यांनी आधी घरात थांबायचं. मग जमिनीवरचं मोजमाप बघायचं: ताशी ५०० मायक्रोसीव्हर्ट दिसलं तर तातडीने हलवायचं, २० दिसलं तर आठवडाभरात.

---

शंकासुर

हुश्श. म्हणजे शेवटी माझंच म्हणणं. गणित बंद, मीटर चालू.

---

सूचिपर्ण

इथे थोडं थांबवते. रुग्णालयातल्या अणुवैद्यक विभागात काम करते, अपघातांशी थेट संबंध नाही, पण डोसशी रोजचा आहे.

"शंका आली की हलवा" याला काहीच किंमत नसते असं धरून सगळे बोलतायत. फुकुशिमा प्रांतात स्थलांतर आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांशी जोडलेले मृत्यू दोन हजारांहून अधिक नोंदले गेले आहेत. बहुतेक म्हातारी माणसं. फुताबा रुग्णालयातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण औषधं आणि देखरेखीविना तासन्‌तास बसमध्ये होते, त्यांतले कित्येक दगावले. किरणोत्सर्गाच्या तीव्र आजाराने मात्र सामान्य नागरिकांपैकी एकही मेला नाही. त्यामुळे अंदाज वरच्या बाजूला चुकला तर "सावधगिरी बाळगली" म्हणून सुटता येत नाही. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला २० मिलिसीव्हर्ट वाचवण्यासाठी बसमध्ये घालणं हा वाईट सौदा आहे, आणि तो आकडा २० आहे की २०० हे कुणीतरी सांगायला लागतंच. मीटर फक्त आत्ताचं सांगतो. उद्याचं सांगत नाही.

---

बिनतारी

सूचिपर्ण, अगदी. हा मुद्दा नेहमी सुटतो.

वरच्या बाजूला चुकण्यावरून आठवलं. १६ मार्च २०११ ला एनआरसीने जपानमधल्या अमेरिकी नागरिकांना ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर, दूर जायला सांगितलं. जपानचा हलवण्याचा पट्टा तेव्हा २० किलोमीटरचा होता आणि ३० पर्यंत घरात थांबायला सांगितलेलं. त्या ८० मागे रास्कलचंच गणित होतं ना?

---

अर्धायुष्य

हो. आणि ते गणित कसं केलं हे फार बोलकं आहे. प्रकल्पातून खात्रीची माहिती नव्हती, म्हणून काल्पनिक परिस्थिती भरली: एकाहून अधिक भट्ट्यांचं गंभीर नुकसान, शिवाय वापरलेल्या इंधनाच्या कुंडाची भीती. चौथ्या भट्टीच्या कुंडातलं पाणी आटलंय असा तेव्हा अमेरिकी अधिकाऱ्यांचा समज होता. कुंडात पाणी होतं, हे नंतर कळलं. म्हणजे सॉफ्टवेअरने गणित बरोबर केलं, त्याला विचारलेला प्रश्न वेगळाच होता.

नंतरच्या आवृत्त्यांत दुरुस्त्या झाल्या. बराच काळ वीज गेलेल्या भट्टीसाठी वेगळा सोर्स टर्म आला, आणि एकाच ठिकाणच्या अनेक भट्ट्यांचे सोर्स टर्म एकत्र करायची सोयही. आधी सगळा भर एका भट्टीच्या एका अपघातावर होता. त्याआधी कुणाला तीन भट्ट्या एकदम वितळताना बघायची वेळ आली नव्हती.

@शंकासुर, "गणित बंद" झालेलं नाही हो. ५ किलोमीटर, ३० किलोमीटर, हे आकडे आले कुठून? अशीच मॉडेलं शांतपणे, अपघात नसताना, शेकडो हवामानांवर चालवून. त्या कामाला अमेरिकेत मॅक्स नावाचं सँडिया प्रयोगशाळेचं वेगळं सॉफ्टवेअर आहे. वर्षभराचं हवामान घेऊन ते दाखवतं की असा अपघात कुठल्याही वेळी झाला तर किती अंतरावर किती शक्यतेने किती डोस. गणित अपघाताच्या आधी करून ठेवायचं आणि अपघाताच्या तासाला फक्त ठरलेली कृती करायची, हा शहाणपणा मला पटतो. रास्कलसारख्यांचं काम त्यानंतरचं: वारा फिरला तर कुठल्या भागाची भर घालायची, मोजणी पथकं आधी कुठे पाठवायची, अजून गळती झालेली नसताना झालीच तर काय. आणि "दोनांपैकी कुठला पर्याय वाईट" या प्रश्नाला त्यांचं उत्तर "नेमका किती डोस" यापेक्षा कितीतरी भरवशाचं असतं, कारण सोर्स टर्ममधली चूक दोन्ही पर्यायांत सारखीच शिरलेली असते.

---

कोड_कारकून

मग एकच नकाशा का दाखवतात? वेगवेगळे सोर्स टर्म, वेगवेगळे वारे घेऊन पन्नास वेळा चालवा आणि शक्यता दाखवा. हवामानवाले चक्रीवादळाच्या मार्गाचा शंकू दाखवतातच की.

---

पवनवेग

युरोपातल्या गटांनी हे काम बरंच पुढे नेलंय. तांत्रिक अडचण आता फारशी नाही. अडचण पलीकडे बसलेल्या माणसाची आहे. "या तालुक्यात मर्यादा ओलांडायची शक्यता ३० टक्के" असं सांगितलं की तो विचारतो, "म्हणजे हलवू की नको?" तीस टक्क्यांना बस पाठवायची की नाही हे आधी ठरवून ठेवलेलं नसेल तर शंकू दाखवून उपयोग शून्य.

आणि अनिश्चितता किती मोठी असते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने दोन-अडीच वर्षं अभ्यास करून फुकुशिमातून सुटलेल्या आयोडिन-१३१ चा जो पल्ला दिला तो १०० ते ५०० पेटाबेक्वेरेल (एक पेटा म्हणजे हजार टेरा). सगळी मोजमापं हातात असताना, निवांत बसून, पाच पटींचा पल्ला. मग पहिल्या रात्री दहा पटींनी चुकलेल्याला मी तरी नावं ठेवणार नाही.

---

उगाच_एक

अडाणी प्रश्न, हलके घ्या. घरबसल्या असा लोट कुठे जाईल हे कुणाला बघता येतं का? की सगळं सरकारी कुलूपबंद?

---

अर्धायुष्य

अडाणी अजिबात नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान-सागर संस्थेचं हायस्प्लिट आहे. हवेतला कण कुठून कुठे जाईल ते जालावर फुकट चालवून बघता येतं. ज्वालामुखीची राख, वणव्याचा धूर, काहीही. डोस काढायचं रास्कल असं मोकळं नाही, ते एनआरसीच्या एका कार्यक्रमातून करार करून मिळतं.

हायस्प्लिटचं चित्र मात्र कुठे टाकाल तर खाली लिहा की यात किती सुटलं ते नाही. २०११ मध्ये पॅसिफिक ओलांडणाऱ्या रंगीत लोटांची चित्रं ढीगभर फिरत होती आणि लोक घाबरून आयोडिनच्या गोळ्या शोधत होते, हजारो किलोमीटरवर.

---

मृद्गंधा

चर्चा छान चाललीय. मला एक कळलं नाही. चार दिवसांचा डोस म्हणता, त्यात खाण्यापिण्याचं धरलेलं असतं का? चेर्नोबिलच्या मुलांना थायरॉईडचे कर्करोग झाले ते दुधातून ना?

---

सूचिपर्ण

हो, मुख्यतः दुधातूनच. गवतावर आयोडिन बसतं, गाय ते गवत चरते, एक-दोन दिवसांत ते दुधात उतरतं आणि मुलांच्या लहानशा थायरॉईडमध्ये साठतं. आयोडिन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं (धागाकर्त्यांचं किती ते माहीत नाही :) ), म्हणून पहिल्या काही आठवड्यांत दूध थांबवलं तर बराचसा डोस टळतो. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ते अनेक भागांत वेळेवर थांबवलं नाही.

---

अर्धायुष्य

:)

आणि नाही, त्या चार दिवसांच्या आकड्यात अन्न धरलेलं नसतं. तो वेगळा हिशोब, वेगळे निकष, आणि अंतरही वेगळं: अमेरिकेत हवेतल्या लोटासाठी नियोजनाचा पट्टा १० मैलांचा, अन्नासाठी ५० चा. रास्कलच्या नकाशावर एखादं गाव पांढरं दिसलं, तरी तिथलं दूध चालेल असा अर्थ काढायचा नाही. त्यासाठी दूधच मोजावं लागतं. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या भट्टीला आग लागली तेव्हा नमुने तपासून जवळजवळ ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध काही आठवडे ओतून दिलं होतं, हातात एकही मॉडेल नसताना.

शंकासुर, हा घ्या तुमच्या मीटरच्या बाजूचा एक गुण.

---

शंकासुर

घेतला. पण मोजायला कुठल्या गोठ्यापासून सुरुवात करायची हे विचारायला तुमच्याकडेच यावं लागणार, हेही दिसतंय.